कशानं गेला?

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. पाकीट कोणीतरी उघडून परत चिकटवलं होतं. ज्यानं उघडलं त्याला आपली भाषा येत असेल, तर तुझ्या गुडघ्याचं दोन पानी वर्णन वाचून तो बिचारा तिथंच झोपला असणार.

मी अजून त्याच खुर्चीत आहे. निर्वासितांचं आरोग्य केंद्र, तळमजला, तिसरी खोली. एका बाजूला नर्स, समोर नुकतं उतरलेलं माणूस आणि दोघांच्या जरा मागे मी. मागे बसायचा नियमच आहे. दुभाषी दिसू नये, फक्त ऐकू यावी म्हणे. आणि बोलायचं ते ‘मी’ म्हणूनच. नर्सला वाईट वाटलं की मी म्हणायचं ‘मला वाईट वाटतं’, पेशंटच्या पोटात दुखलं की मी म्हणायचं ‘माझ्या पोटात दुखतं’. थोडक्यात काय, पगारी भूत. याच्या त्याच्या अंगात शिरून बोलते आणि पाच वाजले की डबा उचलून घरी जाते.

प्रत्येकाला वीस मिनिटं. उंची, वजन, छातीचा फोटो, लसी, घरात कोणाला काय आजार, कोण हयात आहे, कोण नाही. मग तो कागद वरच्या मजल्यावर जातो. तिथं माणसाला खोली मिळते, भाषेचा वर्ग मिळतो, मुलांना शाळा मिळते. आमच्या वीस मिनिटांवर वरच्यांची सगळी इमारत उभी आहे, असं नर्स म्हणते.

आमच्याकडे एक आजी आहेत. आपल्याच भाषेच्या, म्हणून त्या माझ्या वाट्याला. सहा महिन्यांपूर्वी एकट्या आल्या. जुना दमा. दर महिन्याला दम्याचा पंप न्यायला येतात आणि दर दुसऱ्या महिन्याला ‘हरवला बाई’ म्हणून अजून एक मागतात. फार्मसीवाला कंटाळला. मग घरभेटीची नर्स त्यांच्या खोलीवर गेली, बरोबर मी. पलंगाखाली बुटांचं खोकं. खोक्यात कापडात गुंडाळलेले सहा पंप, न उघडलेले. नर्सनं विचारलं, हे कोणासाठी? आजी म्हणाल्या, ‘माझ्या मुलाला. त्यालाही आहे ना माझाच दमा.’

मुलगा मेलाय, ताई. फाईलमध्ये आहे तसं. ट्रकच्या अपघातात. मीच लिहून दिलेलं. नर्सनं खोकं झाकून होतं तिथं ठेवलं. त्यांना आता मनाच्या डॉक्टरकडे पाठवणार आहेत.

आता तुझं. तुला आणि दादाला इकडे आणायचा अर्ज एकत्र आहे, आणि सगळं घोडं दादाच्या कागदांपाशी पेंड खातंय. त्याचा पत्ता नाही, सही नाही, फोटो जुना. चार वर्षं झाली छावणीतून जाऊन, एक ओळ नाही! मी भेटल्यावर त्याचा कान असा पिळणार आहे ना. त्याला बंदरावर ज्यानं पाहिलं म्हणालीस, त्याला गाठ आणि काहीतरी आण. अर्जाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, जूनपर्यंत कागद आले नाहीत तर अख्खी फाईल बंद. मग पुन्हा पहिल्यापासून. तुला अजून किती वर्षं तंबूत ठेवायचंय मला?

तुझी,
चिंगी

*

२ मार्च

चिंगे,

तुझं पत्र आणि औषधं मिळाली. गुडघ्याचं आता काही लिहीत नाही, तुझ्या त्या पाकीट फोडणाऱ्याला त्रास नको.

आमची रांग बदलून आता ‘क’ झाली आहे. पाण्याची टाकी जवळ आली, म्हणजे चिखलही जवळ आला. मी मुलांना शिकवते. दहा पोरं आणि चार वह्या. ठीक चाललंय.

दादाचं म्हणशील तर बंदरावरचा तो माणूस परत इकडे आला नाही. आला की विचारीन. माझी घाई नाही. फाईल बंद झाली तर होऊ दे, पुन्हा उघडता येते. आपल्याला सवय आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

त्या आजींना मात्र कोणी काही सांगू नका. तुझ्या डॉक्टरला सांग, ठेवू दे पंप. मेलेल्या माणसासाठी कोणी काही जमवून ठेवलं तर कोणाचं काय बिघडतं? खोकं पलंगाखाली आहे, तुमच्या पायात येत नाही. तू त्या खोलीत असशील तर बोलू नकोस. पोट दुखतंय म्हण, रजा घे.

एवढं ऐक माझं.

ताई

*

२४ मार्च

ताई,

तुझं ऐकायला हवं होतं. पत्र येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. आता क्रमानं लिहिते.

परवा आजींची वेळ होती. मनाच्या डॉक्टर चांगल्या आहेत, तरुण आहेत. मला आधीच म्हणाल्या, अशा वेळी गुळगुळीत शब्द वापरायचे नाहीत. ‘गेला’, ‘सोडून गेला’ असं काही नाही. मरण हाच शब्द वापरायचा, म्हणजे माणूस ते स्वीकारतं. मी मान डोलावली. आजी आल्या. खोकं मांडीवर घेऊन बसल्या, कारण नर्सनं ते घेऊन यायला सांगितलं होतं. आतापर्यंत सात झाले होते.

डॉक्टर बोलल्या आणि मी बोलले. ‘मी’ म्हणून बोलले, नियमाप्रमाणे.

“आजी, मला फार वाईट वाटतं. तुमचा मुलगा मेला आहे. तो परत येणार नाही. हे पंप आता त्याला लागणार नाहीत.”

आजी डॉक्टरकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

“कधी?” त्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी फाईल उलटली. “गेल्या वर्षी. ट्रकचा अपघात झाला.”

“कोणी पाहिलं?”

“आजी, तुम्हीच सांगितलंत ना,” आता मी माझं म्हणून बोलले. “पहिल्या दिवशी. मी विचारलं मुलं किती, तुम्ही म्हणालात एक, गेला. मी विचारलं कशानं गेला, तुम्ही म्हणालात ट्रकनं.”

“ट्रकनंच गेला की!” त्यांचा आवाज चढला. “नाक्यावर बायकांना उतरवून घेतलं आणि पुरुषांना ट्रकमध्ये घालून नेलं. फळीवरून हात करून म्हणाला, ‘आई, येतो गं.’ ट्रकनंच गेला. मग पुढं काय झालं त्या ट्रकला? तुम्हाला कधी कळलं? आणि मला आज सांगता?”

ताई, मी मागची खुर्ची सोडून त्यांच्यापुढं आले. 

मी सांगायला लागले, नाही आजी, चूक माझी आहे, मीच चुकीचं समजले, काहीही बातमी आलेली नाही. दोन्ही भाषांत एकदम बोलत होते. डॉक्टर म्हणत होत्या, काय झालं, काय म्हणतायत त्या? आजींना काही ऐकू जात नव्हतं. सरकारी फाईल, पांढरा डगला, त्यांच्याच भाषेतलं माणूस, तिघांनी मिळून सांगितलं होतं. त्यांनी खोकं उघडलं. एकेक पंप काढून टेबलावर उभा केला, सातही, एका ओळीत. मग रिकामं खोकं घेऊन निघून गेल्या. जाताना ‘येते’ म्हणायची त्यांची सवय. परवा काही म्हणाल्या नाहीत.

मी खाली जाऊन पहिल्या दिवसाचा कागद काढला. माझंच अक्षर. ‘अपत्ये: एक मुलगा, मृत. कारण: ट्रक.’ त्या दिवशी बाहेर तीस माणसं होती. ‘येतो म्हणून’ असं काहीतरी त्या पुढे बोलत होत्या, मला आठवतंय. मी लिहिलं नाही. नर्सचा पुढचा प्रश्न आला होता.

ध चा मा झाला, ताई. आणि तो मी केला. कोणी लाच दिली नव्हती, कोणाशी वैर नव्हतं. घाईत केला.

आपल्या भाषेत काय काय जातं बघ. दिवे जातात, नोकरी जाते, ताप जातो, सुंठीवाचून खोकलासुद्धा जातो. माणूस कामाला जातो आणि माणूस कायमचा जातो. इथल्या लोकांनी दोन्हीला वेगळे शब्द ठेवलेत. मला आजवर वाटायचं, बिचारे किती कोरडे.

चिंगी

*

१२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र नाही. टपाल अडलं असेल म्हणून वाट न बघता लिहिते.

मी वर जाऊन सांगितलं. केंद्राच्या मोठ्या बाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी. वाटलं होतं काढून टाकतील. त्यांनी फक्त विचारलं, या आठ महिन्यांत आजींच्या मुलाचा शोध घ्यायचा अर्ज झाला का? मी म्हटलं नाही. मेलेल्याचा शोध कोण घेणार? त्यांनी शोधाचा कोरा अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

फाईल दुरुस्त झाली. ‘हयात, ठावठिकाणा माहीत नाही.’ शोधाचा अर्ज गेला. जे आठ महिने आधी जायला हवं होतं ते आता गेलं.

मग सातही पंप पिशवीत घालून आजींच्या खोलीवर गेले. नऊ दिवस त्या नीट जेवल्या नव्हत्या, शेजारीण म्हणाली. मी जमिनीवर बसले. सगळं पुन्हा सांगितलं, पाय धरले. आजींनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “एकदा मेला म्हणालीस. आता जिवंत आहे म्हणतेस. माझा मुलगा काय तुझ्या तोंडात राहतो?”

पंप त्यांनी परत घेतले नाहीत. पिशवी तशीच माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की नळकांडी एकमेकांवर आपटतात. रोज उघडते.

आता जी गोष्ट लिहायची होती ती लिहिते. कामावर नवा नियम मी स्वतःलाच घातलाय. कोणी ‘गेला’ म्हटलं की मी थांबते. हात वर करून विचारते, गेला म्हणजे? परवा एका बाईला असं विचारलं आणि विचारतानाच माझी जीभ अडखळली. कारण हा प्रश्न मी आयुष्यात एकदाच विचारायला हवा होता आणि नेमका तेव्हा विचारला नव्हता.

चार वर्षांपूर्वी तुझा फोन आला होता. तीन मिनिटांचा. वारा होता, मागे माणसं ओरडत होती. तू म्हणालीस, ‘दादा गेला.’

मी कुठे ते विचारलं नाही. कशानं ते विचारलं नाही.

ताई, मला बरोब्बर कळलं होतं ना?

चिंगी

*

२९ एप्रिल

चिंगे,

नाही. बरोब्बर कळलं नव्हतं.

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. सात दिवस उशाशी ठेवली, आता लिहिते. माझं लिहून होईपर्यंत मध्ये रडू नकोस. नंतर हवं तेवढं रड.

ताप तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी दादा उठून पाणी भरायला गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या तंबूपाशी रांगेत मी त्याला पाठीशी टेकवून बसले होते. गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा बरा वाटला. मी पलीकडे कपडे पिळत होते. म्हणाला, ‘ताई, येतो गं.’ मला वाटलं बाहेर जायचंय. मी मागे वळलेसुद्धा नाही. म्हटलं, ‘ये. पण चप्पल घालून जा, चिखल आहे.’

वळले तेव्हा तो तिथंच होता.

तेव्हा तू एकटीच चुकलीस असं समजू नकोस. मी तर दोन हातांवर होते आणि मला शब्द कळला नाही.

फोनच्या रांगेत पाच तास उभी होते. मनाशी घोकत होते, कसं सांगायचं. तू उचललास. मी म्हटलं, ‘दादा गेला.’ आणि तू म्हणालीस, ‘गेला? बरं झालं बाई! तिथं कुजण्यापेक्षा गेला ते बरं!’ आणि हसलीस.

हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता खोटं पुरे.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी होती. मी म्हटलं, तिला हसत जाऊ दे, परवा सांगू. परवा फोन मिळाला नाही. मग तुझं पत्र आलं, त्यात दादाला पानभर शिव्या आणि शेवटी ‘त्याला सांग थंडीत कान बांधून हिंड’. मी वाचलं आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. कोणीतरी त्याच्यावर रागावत होतं. मेलेल्यावर कोणी रागावत नाही. मग मी बंदरावरचा माणूस तयार केला. असा कोणी माणूस नाही. पहिल्यांदा लिहिताना लाज वाटली, नंतर वाटेनाशी झाली. दादा तिथं वजन उचलतो, तो जाड झालाय, त्यानं मिशी ठेवलीय, हे सगळं मी इथं बसून लिहिलं.

आणि तू अर्ज केलास आमच्या दोघांचा. त्याचं नाव माझ्या नावाखाली. दर वर्षी छावणीच्या ऑफिसात मला बोलवायचे, विचारायचे, दोघे का? मी म्हणायचे, दोघे. मला माहीत होतं घोडं कुठं पेंड खातंय. एक शब्द बोलले असते तर मी कधीच तुझ्याकडे असते. पण चिंगे, तो शब्द बोलायचा म्हणजे त्याला पुन्हा मारायचं. कागदावर तरी तो माझ्याबरोबर रांगेत उभा होता. एकटीनं रांगेत उभं राहायची मला भीती वाटली.

म्हणून तुला लिहिलं होतं, त्या बाईला ठेवू दे पंप. माझ्या तंबूच्या दाराशी अजून त्याच्या चपला आहेत.

आता नाव खोड. मी खोडू शकत नाही, अर्ज तुझा आहे.

ताई

*

१८ जून

ताई,

दोन महिने लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही. आधी तेवढं सांगून टाकते. मी तुझ्यावर रागावले आहे. तू चार वर्षं चिखलात बसलीस, का, तर माझं हसू मोडू नये म्हणून. मला विचारलंस का, मला असलं हसू हवं होतं का? राग जाईल तेव्हा जाईल.

आणि माझ्यावरचा कुठे काढू? ‘बरं झालं.’ माझ्या तोंडाला आता हा शब्द नको झालाय. नर्स म्हणते, ताप उतरला, सांग त्यांना बरं झालं. मी म्हणते, ताप उतरला. पुढचं गिळते.

गेल्या सोमवारी मुदत संपायच्या आत खिडकीवर गेले. बाईनं अर्ज काढला. भाऊ, हयात. तिनं विचारलं, काय बदलायचंय? तीच मी, दिवसाला वीस माणसांची मरणं या भाषेतून त्या भाषेत नेणारी, आणि मला तिथला साधा शब्द सापडेना. तोंडातून आपलाच आला, ‘गेला.’ ती म्हणाली, समजलं नाही, दुभाषी बोलावू का?

माझ्या मागच्या बाकावर आजी बसल्या होत्या. हो, त्याच. आदल्या आठवड्यात स्वतःहून केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, दे माझी पिशवी. मी पिशवी दिली. त्यांनी सातही पंपांवरच्या तारखा माझ्याकडून वाचून घेतल्या, ज्या दोघांची मुदत संपत आली होती ते स्वतःसाठी काढले आणि पाच परत गुंडाळले. शोधाचं काही आलं नाही. पत्र येतं, ‘शोध सुरू आहे’, तेवढंच. ते पत्रही मीच वाचून दाखवते. त्या माझ्या तोंडाकडे बघत असतात, शब्द बाहेर पडायच्या आधीच.

मी त्यांना आपल्या दादाचं सांगितलं होतं. म्हणून खिडकीवर माझ्याबरोबर आल्या. दमा घेऊन तीन जिने चढल्या. मी अडखळले तशा मागून म्हणाल्या, “सांग. मला जसं सांगितलंस तसं सांग.”

मग मी सांगितलं. मेला. कशानं? तापानं. तारीख? मला माहीत नव्हती, ताई. तुझ्या फोनच्या आदल्या दिवसाची लिहिली. बाईनं शिक्का मारला आणि दादा रांगेतून बाहेर पडला.

खाली उतरताना आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, “तुझा तरी कळला.”

 त्या माझं सांत्वन करत होत्या, आणि त्यांच्यापाशी असलेलं सगळ्यात चांगलं त्यांनी मला दिलं होतं.

तुझा अर्ज आता एकटीचा आहे. पुढं सरकला. सप्टेंबर म्हणतात.

चिंगी

*

११ सप्टेंबर

चिंगे,

उद्या सकाळी निघायचं. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर न्यायला ये, नंतर पोचलं तर दोघी मिळून वाचू. मी वाळले आहे. केस कापलेत. निळी शाल घेतली असेल. तपासणीच्या खोलीत तू मागच्या खुर्चीत बसू नकोस. माझं मी बोलेन, तोडकं मोडकं. तू शेजारी बस.

दहा पोरांपैकी तिघी लिहायला शिकल्या. वह्या त्यांना दिल्या.

आज टेकाडावर गेले होते. एका जागी आम्ही साठ-सत्तर जण ठेवलेत. त्याच्या नंबरचा पत्रा गंजला होता, तो वाळूनं घासला. आता आकडा दिसतो. तारीख तू बरोबर लिहिलीस, आदल्या दिवसाचीच.

निघताना तोंडात आपोआप ‘येते’ आलं. लहानपणी चुकून ‘जाते’ म्हटलं की आई फटका द्यायची, आठवतं ना? जाते म्हणू नये, येते म्हणावं. पण मी येणार नाही, चिंगे. मला माहीत आहे. आणि त्याच्याशी मी चार वर्षं पुष्कळ खोटं बोलले.

म्हणून म्हटलं, “जाते रे.”

तंबूपर्यंत पोचले आणि परत वर गेले. दाराशी चपला राहिल्या होत्या. त्या त्याच्यापाशी ठेवल्या, बोटं उताराकडे करून. तिकडे अजून चिखल असतो.

ताई